जुनी सात सीटर घ्यावी तर नवतपात

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि विदर्भात नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. वर्ध्यात पारा ४५च्या वर जाऊन बसतो, कधी ४६, कधी ४७. दुपारी सेवाग्रामच्या रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. गर्दी असते ती कस्तुरबा रुग्णालयाच्या आवारात. १९६९ साली इथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तेव्हापासून वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरच्या खेड्यांतली माणसं मोठ्या विश्वासानं इथे येतात, आणि पेशंट कधी एकटा येत नाही. त्याची बायको, म्हातारी आई, दोन भाऊ, गावातला एखादा जाणता माणूस, असे सात-आठ जण एका बोलेरोत किंवा इनोव्हात बसून येतात. आत एसी सुरू, इंजिन सुरू आणि गाडी फाटकाजवळ उभी. इंजिनाची यापेक्षा कडक परीक्षा नाही.

त्यातल्या बहुतेक गाड्या जुन्या बाजारातून घेतलेल्या असतात. नवी सात सीटर शेतकऱ्याच्या किंवा नोकरदाराच्या आवाक्यात कुठली? म्हणून दिवाळीनंतर, कापूस विकून हातात चार पैसे आले की वर्धा, हिंगणघाट, नागपूरच्या ऑटो कन्सल्टंटकडे फेऱ्या सुरू होतात. नोव्हेंबर ते जानेवारी हा खरेदीचा हंगाम. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या भागात जुनी सात सीटर पारखायला हाच सगळ्यात वाईट काळ आहे. गाडी चालवून बघावी ती एप्रिल-मेमध्ये, दुपारी दोन वाजता.

यामागचा हिशेब सोपा आहे. इंजिनात जळणाऱ्या इंधनातली साधारण एक तृतीयांश उष्णता कूलंटमार्गे बाहेर काढावी लागते. ती किती वेगानं बाहेर पडेल हे रेडिएटरमधलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आहे असं धरा. जानेवारीतल्या सकाळी हवा १५ अंशांवर असते, फरक ८० अंशांचा. मेमध्ये हवा ४६वर, शिवाय रेडिएटरच्या पुढ्यात एसीचा कंडेन्सर बसवलेला. त्याच्यातून येताना हवा आणखी दहाएक अंशांनी तापते. उरला फरक ३९ अंशांचा. म्हणजे रेडिएटर तोच, पंखा तोच, पण ताकद निम्म्यावर आली. नव्या गाडीत कंपनीनं याची सोय ठेवलेली असते, जरुरीपेक्षा मोठा रेडिएटर दिलेला असतो. दहा वर्षांत ही शिल्लक हळूहळू संपते. नळ्यांत थर बसतो, जाळीत कचरा अडकतो, पंखा मंदावतो, पंप झिजतो. थंडीत यातलं काहीच दिसत नाही, कारण थंडीत निम्मी ताकदही पुरते. जानेवारीत लोण्यासारखी चाललेली गाडी नवतपात देवळीच्या पुढे वाफा सोडत उभी राहते, ती काही एका दिवसात बिघडलेली नसते.

सात सीटरवर हा भार जास्तच असतो. गाडी जड, त्यात माणसं सात ते नऊ, टपावर सामान. मागच्या सीटसाठी वेगळा एसी असला तर कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर दोन्ही जास्त राबतात. आणि आता समृद्धी महामार्ग दारात आला आहे. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता पूर्ण झाला. वर्ध्याजवळ येळाकेळीला चढलं की वेगमर्यादा १२०. आजवर आर्वी-पुलगावच्या रस्त्यांवर साठ-सत्तरनं चाललेली उंच चौकोनी गाडी तिथे पहिल्यांदाच तासन्‌तास पूर्ण जोरात पळते. हवेचा विरोध तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. वेग ८०वरून १२०वर गेला म्हणजे दीडपट झाला, पण ती ताकद सव्वातीनपटीहून जास्त लागते, आणि तेवढं इंधन जास्त जळून तेवढी उष्णता वाढते. जुनी गाडी समृद्धीवर नव्वदनं चालवावी असं मी मनापासून सांगतो. शिर्डीला तासभर उशिरा पोहोचलं तरी चालतं.

कोणती गाडी घ्यावी, याचं उत्तर घरागणिक वेगळं. १९९४ साली आलेली टाटा सुमो (टाटांच्या सुमंत मुळगावकरांच्या नावावरून तिचं नाव पडलं) २०१९ पर्यंत बनत होती. साधं इंजिन, कुठलाही मिस्त्री खोलू शकतो, पण आता मिळणाऱ्या बहुतेक गाड्या दमलेल्या. २००० साली आलेली क्वालिस आता जुनी झाली. २००५ साली आलेली इनोव्हा इंजिनाला खरोखर दणकट आहे, म्हणूनच तिची किंमत उतरत नाही आणि म्हणूनच तिच्यातल्या कित्येक गाड्यांनी टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर पार केलेले असतात. शेव्हरोले टवेरा स्वस्तात मिळते, पण जनरल मोटर्सनं २०१७ च्या शेवटी भारतात गाड्या विकणं थांबवलं. तिचे पार्ट शोधत फिरायची तयारी असेल तरच तिच्या वाटेला जावं. कच्च्या रस्त्यावर रोजची ये-जा असेल तर बोलेरो. घरात पाच-सहा माणसं, महिन्यातून दोनदा नागपूर आणि बाकी वर्ध्यातच फिरणं, असं असेल तर मी २०१२ नंतरची पेट्रोल अर्टिगा निवडेन.

आता पारख. विकणाऱ्याला आधी फोनवर सांगावं, "भाऊ, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." सकाळीच जावं आणि पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवावा. तो कोमट लागला तर त्या दिवशी परत यावं, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या थंड इंजिनावरच होतात. इंजिन पूर्ण थंड असेल तेव्हाच रेडिएटरचं झाकण उघडावं. आत हिरवं, गुलाबी किंवा निळं स्वच्छ कूलंट दिसलं तर मालकानं गाडी जपली आहे. तांबूस गढूळ पाणी म्हणजे आत गंज आहे. वर तेलाचा तवंग असेल किंवा इंजिन ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा फेस असेल तर ऑइल-पाणी एक झालं आहे. अशी गाडी फुकट दिली तरी महाग पडते.

झाकण उघडं ठेवूनच इंजिन सुरू करायला सांगावं. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात, आतली हवा निघते. पण दोन-तीन मिनिटांनंतरही एकसारखे बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे, म्हणजे हेड गॅस्केट गेलं आहे. पाणी फुगून वर येऊ लागलं की झाकण लगेच बसवावं. वॉटर पंपाच्या आणि होज पाइपांच्या जोडापाशी पांढरे-हिरवे वाळलेले ओघळ आहेत का तेही बघावं, गळतीची जागा तिथेच कळते. आणखी एक खूण मला फार भरवशाची वाटते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा वरचा होज दाबून बघावा. सकाळीसुद्धा तो टणक फुगलेला असला तर आत दाब साठतो आहे, आणि तो बहुतेक वेळा गॅस्केटमधूनच येतो.

मग दुपारी गाडी चालवायची, आणि एकट्यानं नाही. घरची सहा-सात माणसं बसवा, दोन्ही एसी पूर्ण सोडा, नागपूर रोडनं वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन परत या आणि आल्यावर इंजिन बंद न करता एसी सुरू ठेवून पंधरा-वीस मिनिटं उभं राहा. चालत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीचा सगळा भार पंख्यावर येतो. काटा या पंधरा मिनिटांत मधोमध राहिला पाहिजे. थंडीतच घ्यावी लागत असेल तर इलेक्ट्रिक पंख्याच्या गाडीत एसी बंद करून पंख्याकडे कान द्यावा. डिसेंबरात तो मिनिट-दोन मिनिटं फिरून थांबायला हवा. थांबतच नसेल तर त्या गाडीची उन्हाळ्याची शिल्लक संपली आहे. इनोव्हा, सुमो यांच्यासारख्या डिझेल गाड्यांत पंखा बहुधा इंजिनालाच जोडलेला असतो आणि मध्ये व्हिस्कस कपलिंग असतं. गाडी गरम असताना इंजिन बंद करून, चावी काढून घेऊन पंखा हातानं फिरवावा. अडखळत फिरला तर कपलिंग ठीक. भिंगरीसारखा गरगरला तर ते गेलं.

काट्यावर मात्र आंधळा विश्वास नको. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच तापमान सांगतो. पाणी गळून गेलं की तो कोरडा पडतो, काटा खाली येतो आणि चालवणाऱ्याला वाटतं गाडी थंड झाली. काही नव्या गाड्यांत तर काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा. गेल्या दहा-बारा वर्षांतली गाडी असेल तर ओबीडी सॉकेटला लावायचं छोटं यंत्र घ्यावं, तापमानाचा खरा आकडा मोबाइलवर दिसतो.

आपल्याकडच्या गाड्यांना तीन खास दुखणी आहेत. पहिलं, बोअरचं पाणी. ते जड असतं, पातेल्याला जसा पांढरा थर धरतं तसाच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतं. कूलंट महाग म्हणून वर्षानुवर्षं बोअरचंच पाणी भरलेल्या गाड्या मी खूप पाहिल्या आहेत. दुसरं, कापूस. जिनिंगच्या आवारात ये-जा करणाऱ्या गाडीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत रुई आणि धूळ मिळून अक्षरशः गादी तयार होते. ती समोरून दिसत नाही, वरून टॉर्च लावून बघावी लागते. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेर मारावं, आणि फार जोरात मारू नये, जाळीची पातळ पाती वाकतात. तिसरं दुखणं माणसानं केलेलं: गाडी हीट मारते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायचा. थर्मोस्टॅट नसला की इंजिन थंडीत तापायला वेळ लावतं, इंधन जास्त खातं, झीज वाढते. काही इंजिनांत तर त्यामुळे पाणी रेडिएटरकडे जायचं सोडून आतल्या आत फिरतं आणि गाडी आणखी तापते. चालत्या गाडीचा काटा वरच येत नसेल तर विकणाऱ्याला थेट विचारावं, थर्मोस्टॅट आहे का?

कागदांचं थोडक्यात. वाहनचं ॲप उघडून गाडी कितव्या मालकाची आहे, टॅक्स, विमा, बोजा सगळं बघावं. एमएच ३२ म्हणजे वर्धा. नागपूरच्या एमएच ३१, ४०, ४९ च्या गाड्या इथे खूप येतात. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर दिल्लीत निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्याही येतात. परराज्यातल्या गाडीला फॉर्म २८ची एनओसी लागते आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो, त्यामुळे दिसते तेवढी ती स्वस्त नसते. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्जाचा बोजा उतरवायला फॉर्म ३५. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाड्यानं पेशंट नेऊ नयेत. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि पेशंटचं घर दुसऱ्यांदा बुडतं.

गाडी घरी आली की शिर्डीचा बेत आखण्याआधी कूलिंगवर खर्च करावा. सगळे होज, फॅन बेल्ट, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचं झाकण नवं. झाकणाला लोक क्षुल्लक समजतात, पण पाणी दाबाखाली राहतं म्हणूनच ते शंभर अंशांवर न उकळता १२०च्या आसपास टिकतं. स्प्रिंग सैल झालेलं झाकण नव्या रेडिएटरलाही उकळवतं. आतून फ्लश करून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट कंपनीनं सांगितलेल्या प्रमाणात भरावं, दोन रंग एकत्र करू नयेत. प्लॅस्टिकच्या टाक्यांचा रेडिएटर आठ-दहा वर्षांचा असेल आणि त्याच्या कडेला बारीक तडे दिसत असतील तर दुरुस्तीच्या मागे न लागता बदलावा.

इतकं करूनही रस्त्यात काटा चढू लागला तर एसी बंद, खिडक्या उघड्या आणि हीटर पूर्ण गरमवर. मेमध्ये हीटर लावणं जिवावर येतं, पण त्यानं इंजिनातली बरीच उष्णता केबिनमार्गे निघून जाते. सावली शोधून गाडी बाजूला घ्यावी. वाफ दिसत असेल तर इंजिन लगेच बंद करावं आणि सगळ्यांना, आधी म्हाताऱ्यांना आणि पेशंटला, उतरवून सावलीत बसवावं. त्यांना पाणी पाजावं. रेडिएटरचं झाकण किमान अर्धा-पाऊण तास उघडू नये. आतलं पाणी दाबातून सुटताक्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. इंजिनावर गार पाणी ओतू नये, हेडला तडा जातो. हात लावण्याइतकं थंड झाल्यावर झाकणावर जाड कापड धरून ते सावकाश फिरवावं, पाणी थोडं थोडं भरावं, इंजिन सुरू ठेवून आणखी भरावं आणि एसी न लावता जवळच्या मिस्त्रीकडे जावं. पाणी पुन्हा कमी झालं तर त्या गाडीनं पुढे जाऊ नये. पेशंट असेल तर १०८ला फोन करावा.