खारपाणपट्ट्यातून खाऱ्या समुद्राकडे

भातकुलीच्या विहिरीचे मचूळ पाणी चाखलेल्या माणसाला, पाणी समोर असून तहानलेले राहणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील ही जाण वेंगुर्ल्याच्या समुद्रात शिडाच्या होडीने आठवडाभर फिरू इच्छिणाऱ्या कुटुंबाच्या उपयोगी पडते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते बाहेर टाकताना मूत्रपिंडे प्यायलेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्च करतात. म्हणून होडीत आधी पिण्याचे पाणी चढावे: माणशी, दररोज, चार लिटर, तेही एकाच कॅनमध्ये नव्हे.

वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर दीपगृह आहे आणि तेथील गुहांत पाकोळ्या घरटी करतात. उतरण्याचा हट्ट नसावा. कातळ निसरडा असतो आणि पक्ष्यांच्या विणीत व्यत्यय येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो, दुपारी खारा वारा जोर धरून लाटा उसळवतो. तेव्हा पहाटे निघून दुपारपूर्वी परतावे, मुक्काम किनाऱ्यावरच करावा. सातांपैकी चारच दिवस समुद्राचे धरावेत, उरलेले बिघडणाऱ्या हवेसाठी.

होडी लागण्याचा त्रास दोन ते बारा वर्षांच्या मुलांना विशेष होतो. त्यांना मध्यभागी, क्षितिज दिसेल असे बसवावे. डॉक्टरांच्या सल्ल्याची गोळी निघण्यापूर्वी द्यावी. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. जीवरक्षक जॅकेट मुलाच्या वजनाचेच हवे. आणि तांडेलाने परतू या म्हटले, की कितीही पैसे भरलेले असोत, परतावे.