नाण्यावरची बारीक अक्षरे

आमच्या आजीजवळ चांदीचा एक राणीछाप रुपया आहे. तो तिच्या आईने तिला लग्नात दिला. आजी तो फडक्यात बांधून ज्वारीच्या कणगीत ठेवते.

मागच्या महिन्यात आमच्या विहिरीची मोटार जळाली. तेव्हाच जुनी चांदी घेणारा एक माणूस गावात आला. त्याने रुपया पाहिला आणि म्हणाला, "राणीच्या मानेवर कोणीतरी ओरखडलंय. खोटा दिसतोय. निम्मे पैसे देतो." अण्णा देणारच होते. आजी काही बोलली नाही, पण तिचे डोळे भरले. मी म्हणाले, "अण्णा, एक दिवस थांबा. मी गुरुजींना विचारते."

दुसऱ्या दिवशी आजी स्वतः शाळेत आली. रुपया काही तिने माझ्या हाती दिला नाही! गुरुजींनी भिंग दिले. मी पाहिले, तर तो ओरखडा नव्हताच. ती दोन इंग्रजी अक्षरे होती, डब्ल्यू आणि डब्ल्यू. रुपयावर साल होते १८४०.

गुरुजींनी सांगितले, की हे विल्यम वायन या कारागिराच्या नावाचे पहिले अक्षर व आडनावाचे पहिले अक्षर. तो लंडनच्या टांकसाळीत ठसे कोरायचा. राणीचा मुखवटा त्याने केला, म्हणून खाली आपली खूण ठेवली. पंचम जॉर्ज राजाच्या रुपयावर बी आणि एम अशी अक्षरे असतात. तो कारागीर बर्ट्रम मॅकेनल. मेक्सिको देशाच्या जुन्या सोन्याच्या नाण्यांवरही अशी अक्षरे असतात. त्यांतली काही टांकसाळीची, तर काही सोन्याचा कस पाहणाऱ्या अधिकाऱ्याची. कस कमी निघाला तर कोणाला धरायचे ते त्यावरून कळे.

आपल्या जिल्ह्यातील चोंडी गावी जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वरच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलाचे पान असे. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही ती खूण कळे.

आजच्या नाण्यांवरही खूण असते. सालाच्या खाली पाहा. चौकट आकडीसारखी खूण असेल तर नाणे मुंबईचे. चांदणी असेल तर हैदराबादचे. गोल टिंब असेल तर नोएडाचे. काहीच नसेल तर कोलकात्याचे. आम्ही मधल्या सुट्टीत खाऊची नाणी काढून पाहिली. चारही गावे आमच्या वर्गातच सापडली!

पण गुरुजी म्हणाले, "नुसती अक्षरे आहेत म्हणून नाणे खरे ठरत नाही. खोटे करणारा अक्षरेही कोरतो. वजन पाहावे लागते." असा रुपया नवा असताना ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा भरे. मग अण्णांनी तालुक्याला जाऊन वजन केले. रुपया झिजलेला, तरी ११ ग्रॅमच्या वर भरला. तिथल्या सोनारानेही चांदी खरी सांगितली.

अण्णांनी रुपया विकला नाही. मोटारीचे पैसे उसने आणले. कांदा विकून ते फेडायचे आहेत. आजी आता रुपया चिंचेने घासत नाही, कारण घासून अक्षरे झिजतात.

मित्रांनो, तुमच्या घरी जुने नाणे असेल तर विकण्याआधी भिंगातून पाहा. कोणी खोटे म्हटले म्हणून लगेच खोटे मानू नका.

— इयत्ता ४ थी