घाटेअळीचे डोके आत, धड बाहेर

हरभऱ्याच्या पानांवरची आंब म्हणजे मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांचा स्राव. बऱ्याच किडी त्यामुळे लांब राहतात. घाटेअळी राहत नाही; ऑक्झॅलिक आम्लाने तिची वाढ मंदावते, एवढेच.

हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा या मातकट पतंगाची ही अळी. हरभरा, तूर, कपाशी, टोमॅटो अशा १५० हून अधिक वनस्पतींवर ती जगते. मादी अंडी एकेकटी घालते, आणि त्यात शहाणपण आहे, कारण या अळ्या एकमेकींना खातात! कोवळी अळी पाने खरवडते. मोठी झाली की घाट्याला गोल भोक पाडून डोके आत घालते, उरलेले धड बाहेर ठेवते आणि दाणा फस्त करते.

तिच्यावरचा उतारा असलेला एचएएनपीव्ही हा विषाणू मला कुठल्याही कीटकनाशकापेक्षा चतुर वाटतो. बाधित अळी झाडाच्या शेंड्याकडे चढते, तिथे उलटी लटकून मरते. तिचे शरीर आतून पाझरते आणि विषाणू खालच्या पानांवर सांडतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी मात्र तो निकामी होतो. म्हणून फवारणी संध्याकाळी करायची, द्रावणात थोडी कपड्यांची नीळ मिसळून.