एक आराखडा, अनेक बोली

ग्रंथालयाच्या वहींत सभासदांचीं नांवें उतरून घेण्यापूर्वीं रकाने आंखावे लागतात. डेटाबेसची गोष्टही तशीच. कोणत्या तक्त्यांत कोणते रकाने असावे, कोठें आंकडा यावा, कोठें तारीख, हें आधीं ठरवावें लागतें. या आंखणीलाच स्कीमा म्हणतात.

माहिती तक्त्यांच्या रूपानें मांडावी, हा विचार आयबीएम कंपनींतील शास्त्रज्ञ एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडला. त्या तक्त्यांशीं बोलण्याची भाषा त्याच कंपनींतील चेंबरलिन व बॉइस यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केली. तीच आजची एसक्यूएल. १९८६ सालीं अमेरिकेंत तिचें प्रमाण रूपही ठरलें. परंतु प्रमाण भाषा ठरली म्हणून घाटावरची आणि कोंकणांतली बोली एक होत नाहीं. येथेंही तेंच झालें.

‘वर्गणी भरली कीं नाहीं’ असा एक साधा रकाना घ्यावा. पोस्टग्रेस त्यासाठीं होय-नाहींचा स्वतंत्र प्रकार देतो. मायएसक्यूएल तेंच नांव स्वीकारतो, पण आंत ठेवतो एक लहानसा पूर्णांक. ओरॅकलच्या तक्त्यांत तर असा प्रकार २०२३ पर्यंत नव्हताच. शिवाय मजकूर रिकामा असला, तर ओरॅकल ‘माहितीच नाहीं’ असें समजतो; इतरांना हे दोन अर्थ भिन्न वाटतात. एसक्यूलाइटची तऱ्हा आणखीच निराळी: विशेष ताकीद दिलेली नसेल, तर आंकड्याच्या रकान्यांत ‘पंधरा’ हा शब्द घातला तरी तो मुकाट्यानें ठेवून घेतो!

यावर तोड अशी निघाली कीं, आराखडा प्रोग्रामच्या भाषेंतच एकदां लिहावा आणि त्या त्या बोलींत उतरविण्याचें काम दुभाष्यावर सोंपवावें. पायथन भाषेंतील जँगो (२००५) व एसक्यूएलअल्केमी (२००६) हे असे दुभाषे होत. सोय खरोखरच मोठी आहे.

मात्र वहीं भरलेली असतांना रकाना बदलावयाचा झाला, म्हणजे खरी परीक्षा. ‘वर्गणी’ हें नांव बदलून ‘शुल्क’ केलें, असें समजावें. माणसाला तें केवळ नामांतर दिसतें. जुना व नवा आराखडा ताडून पाहणाऱ्या यंत्राला मात्र एक रकाना गेला व दुसरा आला, एवढेंच दिसतें. एसक्यूएलअल्केमीचा जोडीदार अलेम्बिक अशा वेळीं जुना रकाना काढून नवा घालण्याच्या आज्ञा लिहून देतो. त्या न वाचतां चालविल्या, तर हजारों सभासदांच्या वर्गणीची नोंद त्या रकान्याबरोबर नाहींशी होईल. जँगो बहुधा ‘हें नामांतर आहे काय?’ असें विचारतो. पण उत्तर माणसानेंच द्यावयाचें असतें.

पांच बदलांपैकीं तिसरा अडला, तर पोस्टग्रेस सहसा पांचही मागें घेऊं शकतो. मायएसक्यूएलमध्यें मात्र पहिले दोन कायम होऊन बसतात, आणि तक्ता ना जुना ना नवा अशा स्थितींत राहतो. एसक्यूलाइटवर तपासून मायएसक्यूएलवर चालविलेल्या कामांत हा फरक अगदीं शेवटच्या घटकेला कळतो. जँगोंत या आज्ञा चालविण्यापूर्वीं शब्दशः वाचून पाहण्याची सोय आहे. अलेम्बिकनें लिहिलेला मसुदाही हातानें दुरुस्त करतां येतो, आणि काढणें-घालणें या दोन ओळींच्या जागीं नामांतराची एक ओळ लिहिली कीं नोंदी जागच्या जागीं राहतात.