टकटक करणारी हार्ड डिस्क

वर्षभराच्या प्रश्नपत्रिका, निकालाचे तक्ते, सहलीची छायाचित्रे हे सारे पुष्कळदा एकाच बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर असते. एके दिवशी ती जोडली तरी संगणकाला दिसत नाही. मग आपण केबल काढतो, लावतो, पुन्हा काढतो. हा उपाय कधी चालतो आणि कधी अंगाशी येतो, हे समजण्यासाठी आधी आत काय आहे ते पाहू.

आत काचेची किंवा अॅल्युमिनिअमची चुंबकीय लेप दिलेली तबकडी असते. ती सहसा मिनिटाला ५४०० फेरे घेते. तबकडीचा व्यास ६५ मिलिमीटर धरून कडेचा वेग मुलांना काढायला सांगा. सेकंदाला ९० फेरे, म्हणजे वेग येतो ताशी सुमारे ६६ किलोमीटर! या धावत्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर, हवेच्या थरावर, वाचणारे हेड तरंगत असते. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे धुळीचा कण येथे डोंगराएवढा ठरेल. डिस्कचे सीलबंद झाकण घरी उघडू नये ते यासाठीच.

आता डिस्क कानाजवळ धरून ऐका. काहीच आवाज नसेल तर पहिला संशय विजेवर घ्यावा. थांबलेल्या तबकडीला गती देताना मोटरला जास्त प्रवाह लागतो. यूएसबी २.० च्या खाचेतून नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर मिळतात, ३.० मधून ९००. केबल लांब व बारीक असेल तर विद्युतदाब आणखी उतरतो. म्हणून आखूड केबल, दुसरी खाच, दुसरा संगणक असे क्रमाने करून पाहावे. कधी डिस्क ठणठणीत असते, पण तिच्यात आणि यूएसबीत दुभाष्याचे काम करणारे बाहेरच्या डबीतले छोटे सर्किट बिघडते. अशी डिस्क डबीतून काढून संगणकाला थेट जोडता येते. मात्र काही डिस्कवर यूएसबीची जोडणी मूळ पट्टीवरच असते, तेथे हा मार्ग बंद.

टकटक असा ठरावीक आवाज येत असेल तर गोष्ट वेगळी. हेडला आपली जागा सापडत नाही, ते मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करते. हेड मोडले असेल तर प्रत्येक प्रयत्नात लेप खरवडला जाऊ शकतो. ताबडतोब वीज बंद करावी. पुढचे काम धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेचे, आणि ते महाग असते.

सर्वांत फसवी अवस्था मधली. डिस्क दिसते, पण फार सावकाश चालते, मध्येच अडते. विंडोज ‘दुरुस्त करू का?’ असे विचारते. नाही म्हणा. दुरुस्ती म्हणजे त्याच आजारी तबकडीवर नवे लेखन. आधी संपूर्ण डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. त्यासाठी डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम आहे. परीक्षेत सोपे प्रश्न आधी सोडवा असे आपण मुलांना सांगतो, तीच त्याची युक्ती. सहज वाचता येणारे भाग तो आधी उतरवतो, अडणारे सोडून देतो व शेवटी त्यांच्याकडे वळतो. कुठवर आलो याची नोंद ठेवत असल्याने काम मध्येच थांबवता येते. हरवलेल्या फायलींचा शोध मग त्या नकलेवर घ्यावा.

डिस्क फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला देणारेही भेटतात. गार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर पाणी धरते. पावसाळ्यातल्या थंड पेल्यावर ते दिसतेच.