कुंडलिकेचे दोन तीर : कुलाबा व हबसाण येथील देशभक्तांचे परस्परसंबंध

मुंबई सरकारच्या गॅझेटियरमालेचा अकरावा खंड इ. स. १८८३ मध्यें प्रसिद्ध झाला. तो कुलाबा व जंजिरा या दोहोंचा मिळून एक आहे. एकाच पुठ्ठ्यांत बांधलेले हे दोन मुलूख राज्यदृष्ट्या मात्र परस्परांस परके होते, आणि इ. स. १९४८ पर्यंत परकेच राहिले. या हद्दीच्या अलीकडील व पलीकडील देशभक्तांचे संबंध कसे होते, कोणीं कोणाची वाट पाहिली आणि श्रेय कोणाच्या नांवें जमा झालें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. पेशवेकालीन रुमालांत गढलेल्या आपल्या मंडळींस तो फार अर्वाचीन वाटेल. परंतु पाऊणशें वर्षें लोटलेल्या कागदांस कसर लागण्यास तितका काळ पुरतो.

प्रथम हद्द समजून घेतली पाहिजे. जंजिरा संस्थानाच्या उत्तरेस कुंडलिका, म्हणजे रोह्याची खाडी. पूर्वेस रोहें व माणगांव हे इंग्रजी तालुके. दक्षिणेस बाणकोटची खाडी आणि पश्चिमेस समुद्र. क्षेत्रफळ सुमारें ३२४ चौरस मैल, व १९०१ च्या खानेसुमारींत लोकवस्ती ८५ हजारांच्या आसपास. मुरूड, म्हसळें आणि श्रीवर्धन हे त्याचे कोंकणांतील महाल. या मुलखास लोक हबसाण म्हणत.

ही रेषा इंग्रजांनीं आंखलेली नव्हे. श्रीवर्धनचे देशमुख भट यांचें घराणें सिद्दीच्या जाचामुळें देशावर गेलें आणि त्यांतून पेशवाई उदयास आली, हें सर्वश्रुत आहे. त्याच पेशव्यांनीं १७३३ सालीं सिद्दीवर मोहीम काढली. पुढें १९ एप्रिल १७३६ रोजीं चिमाजी अप्पांनीं रेवसनजीक सिद्दी सात यास ठार केलें. तरीही जंजिरा किल्ला हातीं आला नाहीं. तळें-घोसाळ्याकडील मुलूख मराठ्यांकडे आणि पेशव्यांचें मूळ गांव श्रीवर्धन सिद्दीकडे, अशी वांटणी राहून गेली. १८१८ सालीं पेण व रोहें इंग्रजांकडे गेलीं, १८४० सालीं आंगऱ्यांचें संस्थान खालसा झालें, आणि १८६९ सालीं कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. हबसाण तेवढें वेगळें उरलें. त्यांतील मौज अशी कीं, पुढें जंजिऱ्याच्या राजकीय एजंटाचें काम कुलाब्याच्या कलेक्टराकडेच असे. म्हणजे दोन्ही तीरांवर वचक एकाच साहेबाचा, पण कायदे निराळे.

हद्दीनें घरें मात्र तोडलीं नव्हतीं. रोह्याची लेक मुरुडास दिलेली, म्हसळ्याचा मुलगा शिक्षणासाठीं मुंबईस ठेवलेला, हा नित्याचा व्यवहार. मुंबईहून धरमतरपर्यंत बोटीनें आणि तेथून पेण, नागोठणें, रोहें असा जो मार्ग होता त्यावरून माणसांबरोबर वर्तमानपत्रेंही जात.

१९३० च्या कायदेभंगांत कुलाबा जिल्हा पेटला. २५ सप्टेंबर १९३० रोजीं पेणच्या उत्तरेस चिरनेर येथें जंगल सत्याग्रहांत गोळीबार झाला. १९३७ सालीं जिल्ह्यांतील मतदारांनीं निवडलेले प्रतिनिधि मुंबईच्या विधिमंडळांत बसले. खाडीपलीकडील प्रजेस मात्र ब्रिटिश हिंदुस्थानचे हे कायदे लागू नव्हते. तेथें नबाबाचा शब्द प्रमाण. मग अलीकडील काँग्रेसनें पलीकडे हात कां दिला नाहीं?

याचें उत्तर फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनाच्या ठरावांत आहे. संस्थानें हीं हिंदुस्थानचा अविभाज्य भाग असून तेथेंही पूर्ण जबाबदार राज्यपद्धति हवी, असें त्यांत म्हटलें. पण अंतर्गत लढा काँग्रेसच्या नांवानें लढूं नये, त्याचा भार त्या त्या प्रजेनेंच उचलावा, असेंही ठरलें. प्रजेनें आपल्या बळावर उभें राहावें हा गांधीजींचा आग्रह त्यामागें होता. इंग्रजांशीं झगडतांना आणखी शेंकडों आघाड्या उघडूं नयेत, हा हिशेबही होता. ठराव मुत्सद्देगिरीचा होता हें मला मान्य आहे. तथापि दहा-वीस कोसांवर भावकीचीं माणसें मिरवणूक काढतात आणि आपणांस तें नांवही घेतां येत नाहीं, हें मुरूडच्या तरुणास कसें वाटलें असेल, याचा विचार ठरावांत आढळत नाहीं. अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषद मुंबईंत डिसेंबर १९२७ मध्येंच स्थापन झाली होती. १९३९ सालीं लुधियानाच्या अधिवेशनाचें अध्यक्षपद जवाहरलाल नेहरूंनीं स्वीकारलें, तेव्हां अंतर कांहींसें कमी झालें.

याच काळांत आयर्लंडांत असाच प्रसंग घडला होता. १९२१ च्या तहानंतर दक्षिणेस स्वतंत्र राज्य झालें व ईशान्येकडील सहा परगणे ब्रिटिश सत्तेखालीं राहिले. टायरोन व फर्मानाघ या परगण्यांत राष्ट्रीय पक्षाचें बहुमत. सीमा-मंडळ आपणांस दक्षिणेंत सामील करील या आशेवर तेथील लोक थांबले. १९२५ च्या डिसेंबरांत डब्लिनच्या सरकारनें आर्थिक सवलतींच्या बदल्यांत जुनीच सीमा मान्य केली. उत्तरेकडील देशबंधूंविषयीं भाषणें चालू राहिलीं, पण त्यांस डब्लिनच्या सभागृहांत जागा मिळाली नाहीं. तेथील सीमा टिकली, आमची पुसली गेली. हा भेद लहान नव्हे. परंतु मोकळ्या तीरावरील माणूस बांधलेल्या तीरावरील माणसाच्या वतीनें बोलूं लागतो, ही खोड दोहोंकडे एकच.

१५ ऑगस्ट १९४७ रोजीं पेणेस व रोह्यास तिरंगा चढला. पलीकडे अंतर्गत कारभार नबाब सिद्दी महंमद खान यांचाच होता. हद्दीबाहेरील महाडचे नानासाहेब पुरोहित, ज्यांनीं १० सप्टेंबर १९४२ रोजीं महाडचा प्रसिद्ध मोर्चा नेला होता, आणि महाडजवळील नाते गांवचे, तेव्हां तेवीस वर्षांचेही न झालेले, मोहन धारिया पुढें आले. लोकसेना नांवाचें तरुणांचें दळ उभें राहिलें. जानेवारी १९४८ च्या अखेरच्या आठवड्यांत म्हसळें व श्रीवर्धन त्यांच्या ताब्यांत आलें. ३१ जानेवारी हा दिवस जंजिरा मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. ८ मार्च १९४८ रोजीं संस्थान विलीन होऊन तिन्ही महाल कुलाब्यांत आले.

हा वृत्तांत बहुधा महाडच्या बाजूनें सांगितला जातो, आणि तो खरा आहे. पण अर्धा आहे. ज्या बालेकिल्ल्यासमोर पेशव्यांची मोहीम थकली त्या राज्याचे दोन महाल चार दिवसांत पडतात, तें केवळ बाहेरून आलेल्या तरुणांमुळें, असें मानणें मला अवघड जातें. वाटा दाखविणारे, जेवण घालणारे, ठाण्यांतील शिपायांची वेळ सांगणारे आंतलेच असणार. तसेंच, राजा मुसलमान म्हणून हा धर्माचा लढा होता, ही समजूतही कागद न पाहतां पसरलेली आहे. संस्थानच्या दप्तरांत मोडी लिहिणारे कारकून होते, आणि प्रजेंत कोंकणी मुसलमान व हिंदु दोघेही मुंबईच्या चाकरीवर जगत.

म्हणून संग्राहकांस विनंती आहे ती किल्ल्यांच्या सनदांपलीकडे पाहण्याची. मुंबईच्या चाकरमान्यांनीं घरीं पाठविलेलीं पत्रें, प्रजा परिषदेच्या सभांच्या जाहिराती, पेणच्या 'कुलाबा समाचारा'चे सुटे अंक, ठाण्यांच्या नोंदवह्या, मुरूड-म्हसळ्याच्या मुसलमान घरांतील उर्दू जमाखर्च, हे सर्व या इतिहासाचें साधन आहे. खाडीकांठच्या एका घरीं संस्थानी अमदानीचे कागद मीं पाहावयास मागितले असतां, गेल्या अनंतचतुर्दशीस गणपतीबरोबर पाण्यांत सोडले, असें उत्तर मिळालें. घरच्या वृद्ध बाईंनीं तें मोठ्या भक्तीनें सांगितलें. दोन रुमाल होते म्हणे. एकावर १९४८ चा आंकडा होता, एवढें त्यांच्या नातवास आठवत होतें.