बर्फासारखं पाणी, तरी हात कोरडे!

पाठीला रिकामा कॅन बांधायचा, काका किंवा मामांनी मागून ढकलायचं आणि दोन-चार घोट पाणी पोटात गेलं की पोहणं आलंच! जालना जिल्ह्यात अनेकांचा स्विमिंगचा कोर्स असा शेतातल्या विहिरीत होतो. डिसेंबरच्या पहाटे तर विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कोमट लागतं. त्यामुळे खरं गार पाणी काय चीज असते, हे आपल्याला सहसा कळत नाही.

पण कळायची वेळ येऊ शकते. तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात स्कूबा डायव्हिंग शिकता येतं. तिथल्या उबदार समुद्रात पातळ वेटसूट पुरतो. पुढे शिक्षणासाठी युरोपात गेलात, तर मित्र म्हणतात, ‘चल, आइसलँडला सिल्फ्रामध्ये डाइव्ह मारू.’ दोन भूखंडांच्या प्लेट्समधली ही भेग. पाणी काचेसारखं स्वच्छ, पण तापमान वर्षभर 2 ते 4 अंश सेल्सिअस! तिथे ड्रायसूटशिवाय पाण्यात उतरूच देत नाहीत. शिवाय डायव्हरकडे ड्रायसूटचं प्रशिक्षण किंवा अनुभव आहे का, हेही आधी विचारतात.

पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने शरीरातली उष्णता ओढून घेतं. वेटसूटमध्ये पाणी शिरतं आणि त्याचा पातळ थर अंगाच्या उबेने तापतो. ड्रायसूटमध्ये मान आणि मनगटापाशी घट्ट सील असतं, त्यामुळे आत पाणी येत नाही. आत असते हवा आणि जाड उबदार कपडे. म्हणजे अंगाचा प्रश्न सुटला. हातांचं काय?

साध्या निओप्रीनच्या हातमोज्यात पाणी शिरतंच. थोड्या वेळाने बोटं बधिर होतात. आता हा नुसता ‘थंडी वाजते’ एवढाच विषय राहत नाही. सूटमध्ये हवा भरायचं बटण, हवा सोडायचा व्हॉल्व्ह, बेल्टचं बक्कल, जोडीदाराला करायची खूण, सगळं बोटांवरच चालतं. बोटंच ऐकेनाशी झाली, तर खोल पाण्यात स्वतःवरचा ताबा जातो.

इथे ड्राय ग्लोव्ह्ज कामाला येतात. बाहेर वॉटरप्रूफ हातमोजा, आत लोकरीचा किंवा फ्लीसचा. बाहेरचा मोजा मनगटापाशी रिंगने सूटला जोडतात. रिंगमध्ये एखादा केस किंवा दोरा अडकला, तरी पाणी झिरपू शकतं. म्हणून जोडीदाराकडून तपासून घेतल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. बोटातली अंगठी काढायची, नखं कापायची.

आता अकरावीतला बॉइलचा नियम आठवा. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि हवेचं आकारमान निम्मं. मोज्यातली हवाही तशीच आकसते, मोजा बोटांना आवळतो आणि आतल्या कापडातली ऊबही कमी होते. उपाय अगदी गावरान वाटावा असा आहे: मनगटाच्या सीलखालून एक बारीक नळी किंवा जाड दोरा सरकवायचा. त्या फटीतून सूटमधली हवा मोज्यात येते आणि वर येताना परत सूटमध्ये जाते.

पण याला दुसरी बाजू आहे. मोजा खडकाला घासून फाटला, तर त्याच फटीतून पाणी सूटमध्ये शिरतं. नळी नसेल, तर मनगटाचं सील ते पाणी हातापुरतंच थोपवतं. म्हणून पाण्याखाली नळी काढायचा सराव आधी करून ठेवतात. काही जण मनगटाचं सील काढून नुसती रिंगच वापरतात. त्यांचा मोजा फाटला, की सूटही भिजला समजा.

जाड मोज्यांत बोटांची चपळाई कमी होते, हेही खरं. त्यामुळे पहिला प्रयोग सिल्फ्रात नको, प्रशिक्षकासोबत स्विमिंग पूलमध्ये करा. मोजे घालून प्रत्येक बटण, प्रत्येक बक्कल हाताळून बघा. आणि डाइव्ह चालू असताना बोटं बधिर व्हायला लागली, तर जोडीदाराला खूण करून ठरलेल्या गतीने सावकाश वर या. पैसे भरलेत, आइसलँडला परत कधी येणार, असले हिशेब तिथे करायचे नाहीत.

विहिरीत काका पहिल्याच दिवशी पाठीवरचा कॅन सोडू देत नव्हते, आठवतंय ना? तेव्हा राग यायचा. थंड पाण्यात उतरताना मात्र तेच काका आठवा.